अजमानची तिकिटं

सांगलीच्या पेठेत तवनाप्पांचं वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं. दारातल्या काचेच्या कपाटात परदेशी पोस्टाच्या तिकिटांची पाकिटं टांगलेली असत. शाळेची पोरं ती हौसेनं घेत. राहीबाई जावेच्या बाळंतपणासाठी कुपवाडला दिराकडं आली होती. डिंक-खारीक घेऊन परत निघताना तिची नजर त्या काचेवर गेली आणि पाय जागीच थांबले.

एका पाकिटात फुलपाखराचं तिकीट होतं. कोपऱ्यावर पोस्टाचा गोल काळा शिक्का आणि खाली इंग्रजी अक्षरं. राहीबाईला इंग्रजी येत नव्हतं. पण ही अक्षरं तिनं इतक्या वेळा निरखली होती की ती अंधारातही बोटानं काढू शकली असती. नवऱ्याच्या एकुलत्या एका पत्रावरच्या तिकिटावर तीच होती. अजमान.

तिचा नवरा नाथाजी मुंबईत, त्यांच्या गावाजवळच्या विट्याच्या एका माणसाच्या दुकानात सोनं गाळायचं काम करायचा. एकाहत्तरच्या दिवाळीनंतर तो लाँचनं आखातात गेला, अजमानला. पोचल्याचं पत्र आलं. त्यानंतर दीड वर्ष काहीच नाही.

राहीबाईनं ते पाकीट विकत घेतलं. दुकानदाराला विचारायचं धाडस झालं नाही. दिराच्या घरी येऊन तिनं तिकिटं पदरात ओतली. रॉकेट, मांजरं, फुटबॉल खेळणारी माणसं, कुठल्याशा गोऱ्या बाईचं चित्र. निम्म्याहून जास्त अजमानचीच, आणि प्रत्येकावर शिक्का. एकेक तिकीट म्हणजे एकेक पत्र. म्हणजे तो लिहीत होता. तो जिवंत होता.

धाकटा दीर जोतिबा नुकताच लष्करातून सुटून कुपवाडच्या कारखान्यात लागला होता. त्यानं एक तिकीट उजेडात धरलं.

"वैनी, शिक्का हाय ह्याच्यावर. टपालातनं आलेलं हाय हे. दादाची पत्रं कुनीतरी मधल्यामधी फोडली, आतला ड्राफ्ट काढला आन् तिकिटंसुदिक इकून खाल्ली."

"कोन फोडंल असं?"

"गावात टपाल कुनाच्या हातात येतंय?"

दोघांच्या मनात एकच नाव आलं. गुंडा.

गुंडा विट्याजवळच्या त्यांच्या गावचा टपालवाला होता. वयानं मोठा, म्हणून सगळं गाव त्याला गुंडाअण्णा म्हणायचं. दीड वर्ष रोज राहीबाई दारात उभी राहायची आणि तो लांबूनच मान हलवायचा. ती हलणारी मान आता तिला वेगळीच दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोतिबा वहिनीला घेऊन गावी आला, तो थेट गुंडाच्या अंगणात. गुंडा जेवायला बसला होता. जोतिबानं त्याला ताटावरनं उठवला, खरकट्या हातानंच बाहेर ओढला आणि भिंतीला दाबून धरला.

"दादाची पत्रं कुठं हायत?"

"कसली पत्रं? आलीच न्हाईत, तर—"

"खोटं बोलू नगंस! तिकिटं सांगलीत इकाया ठेवलीस व्हय रं?"

आजवर जोतिबानं त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. माणसं जमली. गुंडाची बायको बनुबाई मधे पडली, तिला जोतिबानं बाजूला सारलं. गर्दीतनं कुणीतरी म्हणालं, आमचीपन मनीऑर्डर उशिरा आली होती. मग दुसरा बोलला, तिसरा बोलला. राहीबाई मागं उभी होती. गुंडानं तिच्याकडं पाहिलं.

"राही, तूबी हेच म्हंतीस?"

राहीबाईनं नजर वळवली.

गुंडाचा चेहरा उतरला. मग तो जोतिबाला म्हणाला, "सोड. मी पळत न्हाई. चल सांगलीला. मी तिकिटं इकली म्हंतोस, तर त्या दुकानदारानं माझ्या तोंडावर सांगू दे."

एस. टी.त तिघं एका बाकावर बसली; गुंडा मधे.

तवनाप्पा गिऱ्हाइकाला शाई देत होते. जोतिबानं तिकिटं धाडकन काउंटरवर टाकली. "ही तुमाला ह्या मानसानं दिली का न्हाई? खरं सांगा. न्हाईतर पोलिसात जानार हाय आमी."

तवनाप्पांनी गुंडाला निरखलं. "ह्यांना मी आज पहिल्यांदा बघतोय. ही तिकिटं मुंबईच्या व्यापाऱ्याकडनं येतात. किलोवर."

"किलोवर? मग इतकी पत्रं फोडली कुनी?"

"पत्रं नाहीतच हो ही." तवनाप्पांनी चष्मा पुसला. "ते अजमान आपल्या एखाद्या तालुक्याएवढंसुद्धा नाही. पत्रं लिहिणारी माणसं मूठभर. पण जगभर पोरं तिकिटं जमवतात ना, त्यांच्यासाठी असल्या चिमुकल्या देशांच्या नावानं हजारो तऱ्हेची तिकिटं निघतात. परमुलखात छापायची आणि छापखान्यातच शिक्का मारायचा. म्हणजे वापरलेली दिसतात आणि स्वस्तात जातात. ह्यातलं एकसुद्धा अजमानच्या पोस्टात गेलेलं नसेल."

"शिक्का खोटा? असं कुटं आसतंय व्हय?" जोतिबा काउंटरवर ओणवला. "ह्यानंच तुमाला पढवलंय. दोगं मिळून—"

"ताई," तवनाप्पा राहीबाईकडं वळले, "पत्रावरचं तिकीट सोडवायला पाण्यात भिजवावं लागतं. मागचा डिंक निघून जातो. ह्याच्या मागं जरा बोट ओलं करून लावा."

राहीबाईनं फुलपाखराचं तिकीट उचललं. तर्जनी जिभेला लावली आणि तिकिटाच्या पाठीवर टेकवली. बोट उचललं, तसं तिकीटही बोटाबरोबर वर आलं.

ती मुठीत तिकीट धरून उभी राहिली. जोतिबा तिच्या तोंडाकडं बघत होता. त्याला काही दिसलं नव्हतं. बोट लावताना ती त्याच्याकडं पाठमोरी होती. तिनं नुसतं 'चिकटत न्हाई' म्हटलं असतं, तर त्यानं दुकानदाराचं ऐकलं नसतं. गुंडा चोर ठरला असता आणि नाथाजी पत्रं लिहीत राहिला असता. तिच्या दारात येण्यासाठी, रोज, लांबच्या देशातून. तो शब्द तिच्या ओठांवर आला होता.

"वैनी? काय झालं? बोला की!" जोतिबाचा हात पुन्हा गुंडाच्या गळपट्टीकडं गेला.

"सोडा त्यास्नी, भावजी." राहीबाईनं मूठ उघडली. "डिंक हाय. हे कुटल्याबी पत्राला लागलेलं न्हाई. आलीच न्हाईत पत्रं."

एवढं बोलून ती दुकानाच्या पायरीवर बसली. जोतिबाचा हात खाली पडला. गुंडानं सदरा नीट केला आणि तो स्टँडकडं चालू लागला.

चार दिवसांनी राहीबाई गावी गेली. चावडीसमोर माणसं बसलेली असताना तिथं जाऊन म्हणाली, "गुंडाअण्णांनी कायबी चोरलं न्हाई. आमीच चुकलो." बनुबाईनं तिच्याशी वर्षभर बोलणं टाकलं. ते राहीबाईनं सोसलं.

जोतिबाला मात्र चैन पडेना. दादानं पत्रंच लिहिली नसतील, तर का नाही लिहिली? तो विट्याला गेला आणि नाथाजी मुंबईत ज्यांच्या दुकानात होता त्या लालासाहेबांच्या घरी ठाण मांडून बसला. लालासाहेब सुट्टीला आले होते. आधी त्यांनी उडवाउडवी केली. मग दार लावून घेतलं.

"त्यो अजमानात न्हाई, गड्या. परतीच्या लाँचवर चोरट्या सोन्यासकट धरला. गुजरातेत तुरुंगात हाय. नाव दुसरंच सांगितलंय त्यानं. घरी कळवू नगा म्हनून आन घातली व्हती."

राहीबाई ऐकून रडली नाही. तिनं विचारलं, "कवा जायाचं?"

तुरुंगातल्या जाळीपलीकडं नाथाजी आला, तेव्हा आधी तिनं त्याला ओळखलंच नाही. तो खूप वाळला होता. तो जाळी धरून खाली बघत राहिला.

"कुटल्या तोंडानं लिवनार हुतो मी?" तो म्हणाला.

"तोंड कुनाला बगायचं व्हतं?" राहीबाई म्हणाली. "निस्तं कार्ड टाकायचं. 'हाय' एवढंच लिवायचं. तुमच्या एका अक्षरासाठी मी एका चांगल्या मानसाला चोर ठरवाय निघाले व्हते."

नाथाजीला त्यातलं काहीच कळलं नाही. तो म्हणाला, "कुनाला?"

मग भेटीची वेळ संपेपर्यंत ती त्याला तेच सांगत राहिली.