फाटक किती मिनिटं बंद असतं

द्वारका गेली हे मला कंपनीच्या गेटवर कळलं. २००८ सालचा नोव्हेंबर, मंगळवार, दुपारचे पावणेतीन.

मी चिकलठाण्याच्या एका कंपनीत टाइम स्टडीला आहे. कामगार एखादा भाग बसवतो तेव्हा त्याच्या शेजारी स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं आणि कोणत्या हालचालीला किती सेकंद लागले ते लिहायचं, हे माझं काम. कामगारांना मी आवडत नाही. त्या दिवशी टाइम ऑफिसचा माणूस आला आणि म्हणाला, "रामकिसन, गेटवर चल. कोणी रिक्षावाला आलाय तुझ्याकडं."

गेटवर रहीम होता. माझ्या मुलीला, भागूला, शाळेत नेणारा-आणणारा. तो म्हणाला, "भाऊ, वहिनी घाटीत हाय. बसा."

"कशी हाय?"

तो फडक्यानं सीट पुसायला लागला. सीट स्वच्छच होती. मला तेव्हाच कळलं.

घाटी दवाखान्यात रहीमची बायको जैतुनबी भागूला पोटाशी धरून बसली होती. डॉक्टर पोरगेलासा होता. म्हणाला, "डोक्यात रक्तस्राव झाला. आणायला उशीर झाला." संध्याकाळी खिशात हात घातला तेव्हा स्टॉपवॉच चालूच होतं. मी ते बंद करायला विसरलो होतो.

उशीर कसा झाला हे मी कोणाला विचारलं नाही. मला वाटलं, मला माहीत आहे. आमचं घर मुकुंदवाडीच्या रेल्वे फाटकापलीकडं, गुंठेवारीतल्या शेवटच्या ओळीत. पाच वर्षांपूर्वी प्लॉट घेतला तेव्हा द्वारका म्हणाली होती, "फाटकाच्या अलीकडं बघा. स्टेशनजवळच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या तरी चालतील." मी म्हटलं होतं, गल्लीत गोंगाट लई, इथं मोकळी हवा आहे. नंतर रोज कामावर जाता-येता मी फाटकाशी अडकत होतो. डॉक्टर 'उशीर' म्हणाला आणि माझ्या डोळ्यांपुढं फाटकाचा दांडा खाली आला.

दहाव्याला माझ्या सासूनं, चतुराबाईंनी, विचारलं, "पोरीला उशीर कामून झाला, जावईबापू?"

मी म्हटलं, "फाटक लागलं होतं, मामी."

मामी पिशोर गावच्या. जावयाच्या घरी मुक्काम करणं त्यांना पटत नव्हतं. द्वारका होती तेव्हा दोन दिवसांच्या वर कधी राहिल्या नाहीत. पण भागू नऊ वर्षांची, मी शिफ्टला, म्हणून राहिल्या. त्या दिवसापासून फाटकाजवळ आलं की त्या पदर तोंडावर ओढून घेतात. गाडी जायची असो नसो. एकदा रहीमच्या रिक्षात असताना फाटक पडलं तर खाली उतरल्या आणि लोखंडी दांड्याला म्हणाल्या, "खाल्लंस ना माझं लेकरू? आता कुनाला अडवायलास?" लोक बघत राहिले.

मी काय करत होतो तेही सांगतो. सुट्टीच्या दिवशी फाटकाजवळ उभं राहून वेळ मोजत होतो. एकेचाळीस वेळा मोजला. सरासरी आठ मिनिटं चाळीस सेकंद. वहीत लिहून ठेवलं आहे. त्याचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

मे महिन्यात कंपनीनं आमची लाइन उत्तराखंडात रुद्रपूरला हलवायचं ठरवलं. जाईल त्याची नोकरी राहील. फॉर्म आला. राहण्यासाठी कंपनी भाड्यानं घर घेऊन देणार, वस्त्या तीन, त्यातली एक शनिवारपर्यंत लिहून द्यायची. एकदा लिहिली की दोन वर्षं बदल नाही. मी रुद्रपूर पाहिलेलं नव्हतं. फॉर्म खिशात घेऊन फिरत होतो. जेवताना बाहेर काढायचो, परत ठेवायचो. एकदा चुकीची जागा घेतली होती. आता मुलगी आणि म्हातारी घेऊन परक्या मुलखात परत चुकलो तर, या विचारानं अर्ध्या ताटावरून उठत होतो.

आमच्या डिपार्टमेंटचा गयास दोन महिने आधीच तिकडं गेला होता. मी त्याला रोज फोन करायला लागलो. तिन्ही वस्त्यांपासून मोठ्या दवाखान्यापर्यंत रिक्षानं किती मिनिटं लागतात, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, ते मोजून सांग म्हटलं. वाटेत रेल्वे फाटक आहे का, तेही.

"मियाँ, तू घर बघायलास का दवाखाना?" तो म्हणाला. "तुझ्यापायी काल रिक्षात बसलो. रिक्षावाला म्हणतो, मरीज किधर है? मी म्हटलं, औरंगाबादमें."

"किती लागले ते सांग."

"ऐक ना. हायवेच्या बाजूची नवी कॉलनी, नऊ मिनिटं. रस्ता असा की पोटातलं पाणी हलत नाय. फाटक नाय. दुसरी, सरकारी प्लॉटवाली, सतरा मिनिटं. मधी भाजीबाजार, म्हशी. तिसरी मी राहतो ती बंगाली लोकांची जुनी वस्ती. तिचं नाव नक्को घेऊ. सव्वीस मिनिटं आणि मधी फाटक. वर आमची घरमालकीण. एका अंगणात चार बिऱ्हाडांची जागा, एक रिकामी, अन् ही बाई दिवसभर दारात बसून तांदूळ निवडती आणि सगळ्यांचा हिशेब ठेवती. मी शिंकलो तरी विचारती, गयासभाई, क्या हुआ? दार लावलं तर ठोठावती. नहाताना पण."

"नव्या कॉलनीत वस्ती किती?"

"साठ प्लॉट. अकरा घरं. शांतता म्हणजे अशी शांतता की तू खूष होशील. तू तसाही कुणाशी बोलत नायस."

मी वहीत तक्ता केला. नऊ, सतरा, सव्वीस. आणखी दोन दिवस त्याला पिटाळलं, आकडे तेच आले. गुरुवारी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

जेवताना मामींना सांगितलं. मुख्य काळजी त्यांचीच होती. त्या आल्या नाहीत तर भागूला दिवसभर कोण बघणार?

मामी म्हणाल्या, "लई लांब हाय म्हनं. दोन दिवस आगगाडीत."

"दीड दिवस."

"ज्वारी मिळती का?"

"इथून नेऊ. गिरणी आहे तिथं, गयासनं बघितलंय."

"शेजारी कोन हाय?"

"शेजारी अजून कोणी नाही. नवी कॉलनी आहे, मामी. होतील हळूहळू."

"म्हंजे इथल्यावानीच," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "फाटक?"

"नाही. दवाखान्यापर्यंत एकही फाटक नाही. मी मोजून घेतलंय."

त्यांनी ताटातला हात थांबवला. "सपथ घ्या."

"भागूची शपथ."

"मग येते," त्या म्हणाल्या. "फाटक असतं तर मी आले नसते, अन् माझ्या नातीलाबी नेऊ दिलं नसतं. पिशोरला नेलं असतं." भागू भाकरी कुस्करत होती. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि खाली मान घातली. मला वाटलं, शाळा सुटणार म्हणून नाराज आहे.

शुक्रवारी रहीमकडं गेलो. महिन्याचं काही द्यायचं नव्हतं, नुसता सांगायला गेलो की आम्ही चाललो. तो स्टेशनजवळच्या गल्लीत राहतो, द्वारकाला हवी होती त्याच गल्लीत. दारासमोर रिक्षा आडवी करून चाक काढत होता. जैतुनबीनं चहा आणला. समोरच्या घरातली बाई तिथूनच ओरडून विचारत होती, कोण पाहुणं आलंय, साखर हाय का घरात.

मी त्याला वही दाखवली. कोणाला तरी दाखवायची होतीच. नऊ मिनिटं, फाटक नाही. आधीच्या पानांवर आमच्या फाटकाचे एकेचाळीस आकडे होते. त्यानं ते पाहिले आणि हात पुसले.

"हे कशाचं, भाऊ?"

"आपल्या फाटकाचं. त्या दिवशी तू किती वेळ अडकला असशील, ते काढत होतो."

"कोन्त्या दिवशी?"

"द्वारकाला नेलं त्या दिवशी."

रहीम माझ्याकडं बघत राहिला. "फाटक तर उघडं होतं."

मी वही परत त्याच्यापुढं धरली.

"उघडं होतं, भाऊ. मी तर म्हटलं, अल्ला मेहरबान हाय. जैतुनला इथून उचललं तेवढंच थांबलो. क्रांती चौकापर्यंत सिग्नलबी खुले मिळाले. एवढ्या लवकर मी कधी घाटीत गेलेलो नाय."

"मग उशीर?"

त्यानं जैतुनबीकडं पाहिलं. ती म्हणाली, "सांग. सांगायलाच पायजे होतं."

रहीम म्हणाला, "दीड वाजता पोरीला सोडायला आलो. पोरगी आत गेली अन् ओरडली. वहिनी ओट्यापाशी पडलेल्या. गॅस चालू. तव्यावर भाकर, नुसता कोळसा. दुसऱ्या शेगडीवर पातेलं होतं, त्यात पानी नाय, तळ लाल झालेला. मी पहिलं गॅस बंद केलं."

मी म्हटलं, "पातेलं कोणतं? मोठं का लहान?"

"मोठं. पितळी."

ते आंघोळीचं पाणी तापवायचं पातेलं. पाव भरलं तरी तीन लिटर. ते आटून तळ लाल व्हायचा म्हणजे दीड तास, कमी नाही. हे गणित माझ्या डोक्यानं आपोआप केलं, मी थांबवायच्या आत. द्वारका बाराच्या आधी पडली होती. धूर झाला असणार, वास सुटला असणार. दार नुसतं लोटलेलं असायचं. आमच्या ओळीत आजूबाजूचे चारही प्लॉट रिकामे. दीड तासात तिथून कोणी गेलं नाही.

मी समोरच्या घराकडं पाहिलं. ती बाई अजून साखरेचं विचारत होती.

कामावर आम्ही हातात भाग घेतल्यापासून वेळ मोजतो. त्याआधी तो भाग किती वेळ नुसता पडून होता ते कोणी मोजत नाही. मी रिक्षा निघाल्यापासून मोजत होतो.

घरी आलो. मामी शेजारच्या ओळीतल्या बाईकडं पिठाचा डबा द्यायला गेल्या होत्या. भागू पायरीवर बसली होती.

मी विचारलं, "भागू, त्या दिवशी फाटक उघडं होतं?"

ती म्हणाली, "आम्ही थांबलोच नाय फाटकावर."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस? आजी रोज त्या फाटकाला शिव्या देते."

"तुम्हीच सांगितलं ना आजीला," ती म्हणाली. "मला वाटलं, तसंच सांगायचं असतंय."

मी तिच्या शेजारी बसलो. ती पायानं माती उकरत होती. मग म्हणाली, "पप्पा, तिकडंबी मी एकटीच येऊन दार ढकलायचं का?"

मी तिला म्हटलं, नाही. पण ते म्हणताना माझ्या खिशात नऊ मिनिटांच्या कॉलनीचं नाव लिहायचा फॉर्म होता.

मी गयासला फोन लावला. "तुझ्या अंगणातली चौथी जागा अजून रिकामी आहे का?"

"बंगाली वस्तीत? डोकं ठिकाणावर हाय का? फाटक हाय मधी, सव्वीस मिनिटं! तूच मला दहा दिवस पळवलं!"

"ती तांदूळ निवडणारी बाई दुपारी घरी असते का?"

"ती कुठं जाणार? ती तर अंगणाची चौकीदार."

"दार लावलं तर ठोठावते म्हणालास."

"ठोठावती? तोडती." मग त्यानंच विचारलं, "का रं?"

"काही नाही. तिला सांग, आम्ही तिघं येतोय. एक म्हातारी, तिला हिंदी येत नाही."

"तिला तर हिंदीबी धड येत नाय. जमंल दोघींचं."

शनिवारी फॉर्म दिला. वस्तीच्या रकान्यात बंगाली वस्ती लिहिली. साहेबांनी विचारलं, नक्की ना, सगळे ती सोडून लिहितायत, लांब पडेल. मी नक्की म्हटलं. सही केली. पण सव्वीस मिनिटं ही सव्वीसच राहतात. परत कधी रिक्षा पळवायची वेळ आली आणि मधे फाटक पडलं तर काय, हे मला अजून रोज वाटतं.

तिकिटं पुढच्या सोमवारची आहेत. मामींनी ज्वारीच्या दोन पिशव्या शिवून ठेवल्या. पाटा-वरवंटा न्यायचा का नाही यावरून माझ्याशी भांडण झालं, आणि तो न्यायचं ठरलं. येईल त्या बाईला त्या सांगतात, "जावयानं सपथ घेतलीय. तिथं फाटक नाय." त्या असं म्हणाल्या की भागू माझ्याकडं बघते.

काल दोनदा सांगायला गेलो. एकदा त्या पोथी वाचून घेत होत्या, एकदा मीच परत फिरलो. खरं सांगितलं तर त्या भागूला घेऊन पिशोरला जातील, असं मला वाटतं. नाही सांगितलं तर तिकडं पहिल्याच दिवशी फाटक दिसेल.

आज बुधवार. सामान निम्मं बांधून झालं आहे, शाळेचा दाखला मिळाला आहे. द्वारकाच्या वेळी इथलं फाटक उघडं होतं आणि रुद्रपूरला फाटक आहे, या दोन गोष्टी मामींना सांगायच्या राहिल्या आहेत.