चंपाषष्ठीची वांगी

पोत्याचं तोंड सुटलं तशा जुन्या जालन्यातल्या त्या ओसरीवरच्या बायकांनी नाकाला पदर लावले. सून माहेराहून आली की लाडू-चिवडा येतो. दुर्गाबाईंच्या सुनेनं, त्यांच्या मार्तंडाच्या विमलनं, रत्नागिरीहून काळपट, वाळकं शेवाळ आणलं होतं. स्टेशनावर करोडगिरीवाल्यानंसुद्धा नाक धरून जकात माफ केली म्हणे.

"समुद्र किनाऱ्यावर टाकतो ते," विमल खालमानेनं म्हणाली. "आमच्याकडे भाजीच्या वाफ्यात घालतात. आपली वांगी धरत नाहीत, म्हणून बाबांनी दिलं."

"माशाचा वास मारून राह्यला. खंडोबाच्या वांग्याला हे घालू?" दुर्गाबाई कडाडल्या. "पुन्हा माहेराचं नाव काढायचं न्हाई."

तिकडे विमलची आई अंथरुणाला खिळलेली होती.

पण नैवेद्याचं भरीत परसातल्याच वांग्यांचं, ही घरची रीत. आणि दोन चंपाषष्ठ्या दुर्गाबाईंना बाजारातून वांगी आणावी लागली होती. ते शल्य होतंच. विमलनं शेवाळाचा खार आडाच्या पाण्यानं धुतला, ते शेणात कुजवलं, वाफ्यात मिसळलं. दुर्गाबाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

कार्तिकात झाडं वांग्यांनी वाकली. पण चातुर्मास लागल्यापासून चंपाषष्ठीपर्यंत त्या घरात वांगं वर्ज्य, आणि नैवेद्याचा तर वासही घ्यायचा नाही. चव कशी उतरलीय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

षष्ठीला तीच गल्ली जेवायला आली. दुर्गाबाईंनी श्वास धरून वांगी भाजली. देवाला दाखवून झाल्यावर प्रसादाचा पहिला घास त्यांचा. बायका त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या, विमल चुलीपाशी पाठमोरी. दुर्गाबाई सावकाश चावत राहिल्या, जिभेनं मासा शोधत राहिल्या. तो काही सापडला नाही. सापडलं ते लोण्यासारखं वांगं, मालक होते तेव्हा परसात यायचं तसलं. कधी न पाहिलेल्या रत्नागिरीच्या त्या पाण्याला त्यांनी मनातल्या मनात हात जोडले.

"मंग, खत कोणतं म्हणायचं हे?" शेजारच्या सोनूबाईंनी खोचून विचारलं.

सुनेच्या बापाचं नाव त्या घरात मानानं कधी निघालं नव्हतं. दुर्गाबाईंनी बोट चाटलं.

"आमच्या व्याहीबुवांनी समुद्र धाडला व्हता," त्या म्हणाल्या. "तुमच्या व्याह्यानं काय धाडलं?"

बायका हसल्या. दुर्गाबाई मात्र चुलीकडे वळल्या होत्या.

"विमल, संक्रांत झाली की मार्तंडाला घेऊन आईला भेटून ये. यायची जल्दी करू नको."

चूल चांगली पेटलेली होती. तरी विमलनं फुंकणी उचलली आणि वाकून जाळाला फुंकर घालत बसली.