राखेत भाजलेल्या बिया

मोहिराआपाच्या कोठीघरात जर्दाळूच्या बियांचं एकच पोतं उरलं होतं. तिच्या नवऱ्यानं, तोख्तासिननं, वारण्याआधीच्या शरदात त्या मिठाच्या पाण्यात भिजवून राखेत भाजल्या होत्या. तो गेल्याला वर्ष झालं तेव्हा दुव्याला, प्रार्थनेला, आलेल्या पाहुण्यांनाही तिनं त्यातली मूठभर दिली नव्हती.

फरगाण्याच्या प्रयोगशाळेत ती आणि तिची तरुण सहकारी सानोबर या बियांच्या कवचांपासून कोळशाचे दाणे करीत. सिमेंटच्या भट्टीच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड त्या दाण्यांनी धरून ठेवायचा. पहिले दाणे असे निघाले की ताश्कंदहून माणसं बघायला आली. मग फळं सुकवण्याच्या कारखान्यातून गाडीभर कवचं आणली, आणि त्यांचे दाणे निम्माही वायू धरेनात. काम बंद करायची भाषा सुरू झाली.

"आपा, पहिली कवचं कुठली हो?" सानोबरनं विचारलं.

"कुठली म्हणजे? चहाबरोबर तुम्हीच फस्त केलेल्या बियांची. यांनी पाठवलेल्या..."

मोहिरा मध्येच थांबली. लाकडाच्या राखेतला क्षार कोळशाला बारीक छिद्रं पाडतो, हे ती जन्मभर शिकवत आली होती. पण घरचा खाऊ इतका सवयीचा, की त्याला राख लागते हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"किती क्षार मुरला ते कळायला तीच कवचं हवीत," सानोबर म्हणाली. "घरी आहेत का अजून?" आणि तिनं मान खाली घातली.

नाही म्हटलं असतं, तर कुणी बघायला येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोहिरानं पोतं प्रयोगशाळेत आणलं, आणि सगळे मिळून बिया फोडायला बसले. कवचं एकीकडे, गर वाडग्यात.

"तोख्तासिनभाईंचा मिठाचा हात नेहमीच सैल!" एकजण गर चघळत म्हणाला.

"मग सरकव तो वाडगा इकडे. तुझं तोंड तरी खारट व्हायचं वाचेल!"

मोहिराही हसली. फोडत राहिली.

दाणे पहिल्यासारखे निघाले. क्षाराचं प्रमाणही कळलं.

"आपा, आता बाजारातून क्षाराची पिशवी आणली की झालं! कुणाच्या घरच्या बिया नकोत!" सानोबरनं तिला मिठी मारली.

सगळे गेल्यावर मोहिरानं वाडगा धुवायला घेतला. इतक्या बिया हातांखालून गेल्या, पण तिनं एकही तोंडात टाकली नव्हती. तळाशी तोख्तासिनच्या हातचं मीठ तेवढं उरलं होतं. तिनं ते ओल्या बोटानं टिपलं.

ते नुसतं खारट लागलं.