ओळीत न बसलेलं नाव

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या. एका इवल्याशा पक्षाची गोष्ट सांगतो, आणि त्याहून इवल्या चुकीची.

एका छापखान्यात एक जुळारी होता. शिशाचे खिळे, म्हणजे छापायची अक्षरं, जुळवून मजकूर उभा करायचा, म्हणून सगळे त्याला खिळ्या म्हणत. त्याची थोरली बहीण शेजारच्याच खोलीत कपडे शिवायची. वस्तीला नळ नव्हता, आणि मोठ्या पक्षांना वस्ती आठवायची ती मतांपुरती. एका दुपारी ताईच मशीन थांबवून म्हणाली, "किती जणांच्या पाया पडायचं? आपलाच पक्ष काढू. फाटलं की शिवायचं, एवढंच आपलं राजकारण!"

तिथे बसलेले शाळेचे मास्तर हसले, कोपऱ्यावरचा न्हावी हसला, आणि हसता हसता चौघांचा पक्ष निघाला. निशाणी ठरली सुई. उपरे घुसू नयेत म्हणून नियम केला, पहिला उमेदवार संस्थापकांतलाच.

जाहीरनामा खिळ्यानेच जुळवला. तळाशी संस्थापकांची चार नावं. तीन बसली, ताईचं चौकटीबाहेर जाऊ लागलं. बारीक खिळे वरच्या फळीवर. शिडी कोण आणणार? 'घरचीच तर आहे,' म्हणत त्याने तिचं नाव उचलून बाजूला ठेवलं.

वर्षभरात सुई घरोघरी पोचली. निवडणूक लागली. सगळ्यांच्या तोंडी ताईच. भर सभेत मास्तरांनी जाहीरनामा चष्म्याजवळ नेला.

"बाई, तुमचं नाव यात नाही हो."

"अहो मास्तर, पक्ष निघाला तो तिच्या डोक्यातून!" न्हावी उसळला.

"डोक्यातून निघाला, पण कागदावर नाही आला. नियम म्हणजे नियम."

ताईने खिळ्याकडे पाहिलं. 'मी गाळलं' एवढंच म्हणायचं होतं. पण तो बोटांवरची शाई पुसत राहिला. मास्तर थकलेले, न्हावी म्हणाला, "माझी जीभ खुर्चीपाशीच चालते." उमेदवारी खिळ्याच्या गळ्यात पडली.

तो अकरा मतांनी निवडून आला. नळही आला. ताईने त्याला नवा सदरा शिवला. त्यात सुई राहिली नव्हती, तरी तो टोचायचा. देवापुढे हात जोडले की आधी तो कागदच दिसायचा.

शेवटी एकदा तो तिच्या मशीनपाशी जाऊन बसला. "ताई, तुझं नाव मी गाळलं."

"ठाऊक आहे रे." ती दोरा ओवत राहिली. "ओळ बसत नव्हती ना? बारीक खिळे घ्यायचे होतेस."

"मग सभेत बोलली का नाहीस?"

"तू बोलतोस का, ते बघत होते."

त्याने त्याच दिवशी शिडी आणली. नवा जाहीरनामा निघाला, चारही नावं बारीक अक्षरांत. पण भिंतींवरचे जुने कागद काही निघेनात; खळ फार घट्ट झाली होती.

तेव्हा मायबापहो, कुठे नळ सोडाल तेव्हा त्या ताईची आठवण काढा. आणि मन मोठं असेल, तर खिळ्यासाठीही देवाला दोन शब्द सांगा.