आधी येळवस, मग सुई

सिंधूबाईंनी फॉर्म उलटा करून टेबलावर ठेवला आणि त्यावर आपली पाण्याची बाटली ठेवली. शेजारच्या खुर्चीतून पेन घेऊन पुढं आलेला हणमंतरावांचा हात तसाच अधांतरी राहिला.

सही कुठं करायची, हेसुद्धा त्यांनीच विचारलं होतं. त्याआधीची उत्तरंही त्यांचीच. झोप लागते का? लागते. पायावर सूज? न्हाई. इंजेक्शनची भीती? छे, तिला सगळं चालतंय. डॉक्टर मालविका प्रश्न सिंधूबाईंकडं बघून विचारायच्या आणि उत्तर बाजूच्या खुर्चीतून यायचं. लग्नाला चौतीस वर्षं झाली की नवऱ्याला बायकोच्या पायावरची सूजही पाठ असते. पण आज सिंधूबाईंचं डोकं फिरलं होतं.

"काकू, काही विचारायचंय का?"

"मला पुन्हा एकदा सांगा. सावकाश. ह्यांना न्हाई, मला."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जरा पुढं ओढली. लस म्हणजे शरीराला दिलेली शिकवणी, असं त्यांनी सांगितलं. पण बसवलेली किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून सिंधूबाई ज्या गोळ्या घेत होत्या, त्या गोळ्यांनी शरीर ढ करून ठेवलं होतं. चार डोस झाले तरी ते काही शिकलं नाही. म्हणून आता शिकवणी नको. करोनाशी लढणारी प्रतिपिंडंच तयार करून आणायची आणि टोचायची. दोन इंजेक्शनं, दोन्ही कुल्ह्यांवर एकेक. सहा महिने पुरतात. बाहेरून मागवावी लागतात, आठवडाभर तरी लागेल.

"नि मग करोना होत न्हाई?"

"असं मी म्हणणार नाही. विषाणू सारखा रूप बदलतोय. आत्ताच्या रूपावर ही किती चालतील, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. थोडीफार आड येतील. क्वचित कुणाला रिॲक्शन येते, म्हणून टोचल्यावर तासभर इथंच बसवून ठेवते."

सिंधूबाईंनी मान हलवली. मग ज्या प्रश्नासाठी त्या खरं तर आल्या होत्या, तो विचारला.

"हे घेतलं तर मला येळवशीला शेतात जाता येईल का?"

"शेतात?" डॉक्टर म्हणाल्या. "शेतात तर न घेताही जाता येईल. मी काकांना मागच्या वर्षीच सांगितलं होतं. लग्नाचे हॉल नकोत, काचा लावलेली गाडी नको. मोकळ्या रानात, मास्क लावून, जरा लांब बसून खुशाल जेवा."

हणमंतराव पेनाचं टोपण फार बारकाईनं बघू लागले.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, निम्मं लातूर रिकामं होतं. मार्गशीर्ष संपायच्या त्या दिवशी दुकानाला कुलूप, शाळेला बुट्टी, आणि ज्याला शेत आहे तो शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात. आमंत्रण नसलं तरी चालतं. गेल्या तीन येळवशी सिंधूबाईंनी मात्र खिडकीत बसून रिकामा रस्ता बघितला होता. डॉक्टर नको म्हणालेत, एवढं एकच वाक्य त्यांना दर वर्षी ऐकवलं गेलं होतं.

सिंधूबाई रिक्षानं परतल्या. घरी आल्यावर चप्पल काढली, हात धुतले आणि मग म्हणाल्या,

"डॉक्टर नको म्हनाले होते ना?"

हणमंतराव पलंगाच्या कडेला बसले. थोडा वेळ गुडघे चोळत राहिले.

"अण्णाला दवाखान्यात नेलं तवा अकरा दिवस मी गेटाबाहेर उभा होतो," ते म्हणाले. "आत सोडलं न्हाई. बाराव्या दिवशी आत बोलावलं ते सही करायला."

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ शेषेराव. दुसऱ्या लाटेत गेले.

"ते मला ठाव हाय. तुमी खोटं का बोलला, ते मी विचारून राहिले."

"एक होती ती दिली, सिंधे. आता दुसरी देता येत न्हाई मला."

चार वर्षांपूर्वी सिंधूबाईंच्या पोटात बसवलेली किडनी हणमंतरावांची होती. भाऊबंद नको म्हणत होते, बायकोसाठी कुणी असं करतं का, म्हणत होते. या माणसानं कुणालाही न विचारता तपासण्या करून घेतल्या आणि एका सोमवारी सकाळी जाऊन ऑपरेशनच्या टेबलावर झोपला. सिंधूबाईंना त्या क्षणी त्यांचा संताप येत होता आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवावासाही वाटत होता, आणि दोन्ही एकदम करता येत नसल्यानं त्या स्वयंपाकघरात गेल्या.

सुईची त्यांना कधीच भीती नव्हती. तीस वर्षं निलंग्याजवळच्या गावात त्यांनी अंगणवाडी चालवली होती. नर्सबाई यायच्या त्या दिवशी पोरं मांडीवर धरायचं काम त्यांचं. हजारभर पोरं धरली असतील. पण आईला विचारल्याशिवाय, तिला दोन गोष्टी सांगितल्याशिवाय एकाही पोराला त्यांनी धरलं नव्हतं. हट्ट करणाऱ्या आयांच्या दारात त्या तीन-तीन वेळा गेल्या होत्या. आणि आता त्यांच्याच अंगाबद्दलची बोलणी त्यांच्या डोक्यावरून चालली होती. पुण्याहून लेक श्रद्धाचाही फोन आला तो वडिलांना.

"आई फॉर्म भरते का?" तिनं विचारलं.

"आईला विचार," सिंधूबाई आतून ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी आणलेल्या फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर आपले प्रश्न लिहून काढले आणि स्वतः डॉक्टरांना फोन लावला. सहा महिने झाल्यावर पुन्हा घ्यावं लागेल का? बहुतेक. गोळ्या बंद होतील? अजिबात नाही. मास्क? लावायचाच. शेवटी न लिहिलेला एक प्रश्न त्यांनी विचारला.

"तुमी माझ्या जागी असता तर?"

"घेतलं असतं, काकू. पण घेऊन निर्धास्त झाले नसते."

हे उत्तर सिंधूबाईंना आवडलं. खोटं नव्हतं. त्यांनी तेही लिहून ठेवलं.

"काय ठरलं?" हणमंतरावांनी विचारलं.

"आधी येळवस, मग सुई. सुई घ्यायची का न्हाई, तेबी मीच बघते."

"उलटं कर ना. आधी सुई घे, मग जा. आठ दिसांनी काय बिघडतंय?"

"येळवस आठ दिसांनी येती का? नि सुई घेऊन गेले तर सगळे म्हनतील, सुईमुळं गेली. आपल्याच शेतात जायला मला सुईची चिठ्ठी लागत न्हाई."

हणमंतरावांनी पुतण्याला फोन केला, लेकीला केला, आणि कुणाचीच डाळ शिजेना तेव्हा मुकाट्यानं डाळी-पालेभाज्यांच्या भज्जीसाठी हिरवी तूर सोलायला बसले.

अमावास्येच्या सकाळी पुतण्या शिवशंकर पिकअप घेऊन आला. दोन्ही काचा खाली करून, कानाला शाल गुंडाळून सिंधूबाई पुढं बसल्या. हणमंतराव म्हणाले, सामान लई झालंय, मी फटफटीवर येतो. आदल्या रात्रीही ते पुढच्या व्हरांड्यात झोपले होते. आत डास हायत, म्हणाले. सिंधूबाईंना वाटलं, राग गेला नाही अजून. जाईल.

शेतात त्यांनी आपली जागा आपणच ठरवली. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपासून वीस पावलांवर, वारा जिकडून येतो त्या बाजूला, बोरीखाली बाज टाकायला लावली. कोपीत चुना फासलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडले होते, समोर वाफवलेले उंडे आणि खीर. ज्वारी कमरेच्या वर आली होती. हरभऱ्याला घाटे धरले होते. शिवशंकर लिंबाच्या डहाळीनं पिकावर आंबील शिंपडत, "ओलगे ओलगे, सालम पोलगे" अशी दरसालची आरोळी देत कोपीभोवती फिरला. ती आरोळी ऐकून सिंधूबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. मास्क ओला झाला, तर त्यांनी पर्समधला दुसरा काढून लावला.

माणसं येत राहिली. गावातली, अंगणवाडीत शिकलेली, आता मिशा आलेली. पाया पडायला धावायची आणि त्या हात वर करून थांबवायच्या.

"तिथूनच पड रे बाबा. पोचतंय."

कुणाला राग आला नाही. शेषेरावांच्या बायकोनं, नागुबाईंनी, त्यांचं ताट आधी वेगळं काढून आणलं, बाजेच्या पायाशी ठेवलं आणि मागं सरून बसल्या. घरच्याच ताकाची आंबील. सिंधूबाई मास्क उतरवून लोटाभर प्यायल्या, थांबल्या, अजून अर्धा प्यायल्या. तीन वर्षांची तहान काढली म्हणा ना.

"तुमचं बरं हाय," नागुबाई म्हणाल्या. "तिकडं भावजी आंबील नको म्हनून राहिलेत. दरसाल तीन लोटे पिनारा मानूस."

सिंधूबाईंचा लोटा खाली आला.

हणमंतराव विहिरीच्या बाजूला, सगळ्यांपासून लांब बांधावर बसले होते. सकाळपासून ते कोपीत आले नव्हते. पूजेचं ताट द्यायला त्या उठल्या, तर शिवशंकरच्या हाती दे म्हणाले होते. डिसेंबरच्या थंडीत लातुरात कुठले आलेत डास?

त्यांनी मास्क लावला आणि चालत निघाल्या. दहा पावलं राहिली तसे हणमंतराव उठून मागं सरले.

"तिथंच थांब."

"घसा?"

हणमंतरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, खोटं काही सापडलं नाही, तेव्हा मान हलवली.

"कधीपासनं?"

"काल दुपारपासनं. टेस्ट केली. एकच रेघ आली, म्हंजे करोना न्हाई. पन एका रेघेचा काय भरवसा."

"नि मला सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं तर तू निघाली असतीस? काढा करत बसली असतीस. नि चौथी येळवसबी गेली असती." त्यांनी बांधावरची फटफटीची किल्ली उचलली. "तू बस निवांत. मी जातो घरी."

सिंधूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. या माणसाला सुधारायला चौतीस वर्षं कमी पडली होती.

"किल्ली ठेवा खाली," त्या म्हणाल्या. "मोकळं रान हाय. लांब बसून चालतंय, मॅडमनी सांगितलंय. तुमालाच सांगितलंय."

हणमंतराव बसले.

"अक्का," सिंधूबाईंनी कोपीकडं वळून नागुबाईंना हाक दिली, "ह्यांची भज्जी ऊन करून आना. आंबील नको. ताट लांबच ठेवा नि तुमी मागं सरा."

मग त्या बाजेवर परतल्या. पर्समधून चार घड्या घातलेला फॉर्म काढला, मांडीवर सपाट केला आणि प्रश्न लिहिलेली बाजू पुन्हा एकदा वाचून काढली. अंगणवाडीच्या हजेरीपटावर तीस वर्षं करत आल्या होत्या तशी सावकाश, छापील बाजूवर पूर्ण नावाची सही केली. खाली तारीख घातली.

"काय लिहून राहिलीस?" हणमंतरावांनी बांधावरून विचारलं. आवाज बसलेला होता.

सिंधूबाईंनी फॉर्म उलटा करून बाजेवर ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर आपली पाण्याची बाटली ठेवली.

"काही न्हाई," त्या म्हणाल्या. "जेवा. निवून राहिलं."