भस्म टाकलं महाराजांनी, डवरा हाकला लहानूनं

नाचणगावच्या शिवारात रूपरावांच्या मक्याभोवती जत्रा भरली होती. पिवळा पडलेला मका पंधरा दिवसांत हिरवागार झाला होता आणि तो हिरवा करणारे भस्मनाथ महाराज धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, मांडवात गादीवर बसून पेढे खात होते. बाया पाया पडत होत्या, माणसं चिमूटभर भस्मासाठी एकमेकांना ढकलत होती.

“हे भस्म हिमालयातलं आहे, बेटा! पिवळं दिसलं की आपोआप खवळतं!” महाराज गरजले. हिमालयातल्या भस्माला गोवरीचा वास कसा, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

लहानू रूपरावांचा सालदार, गेल्याच वर्षी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेला. महाराजांनी भस्म टाकून वर ‘उपाशीपोटी डवऱ्याचे सात फेरे’ सांगितले होते; डवरा म्हणजे पिकाच्या ओळींमधून बैल ओढतात ते कोळपं. उपास अर्थातच लहानूला घडला. तेही त्यानं सोसलं असतं. पण मका हिच्याच नजरेनं पिवळा पडला, असं म्हणत महाराजांनी शेजारच्या शेतातल्या कमलाबाईकडे बोट दाखवलं होतं. एकट्या विधवेनं दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं, असं ठरलं होतं. ती गाठोडं घेऊन धुऱ्यावर बसली होती. ते पाहून लहानूचं डोकं तापलं.

“मालक, गादीपुढचा मका पाह्यला का? भस्म तर तिथं सूपभर सांडलं. मंग तो अजून पिवळाच काऊन?”

“माझ्या तेजानं दिपला तो, बेटा,” महाराज म्हणाले.

“तेजानं नाई. गादीजवळ बैल आणू नको म्हणालते तुम्ही, म्हणून तिथं डवराच फिरला नाई. अन् कमलाबाईच्या मक्यातले कडेचे दोन तास, त्या दोन ओळी, पाहा, मालक. भस्माचा कण नाई, तरी हिरवे. फेरा पलटवताना बैल तिकडं गेलते, तेवढाच डवरा तिथं चालला.”

रूपराव खाली बसले. गादीपुढच्या मातीत बोट शिरेना. डवरलेल्या मातीत ते अख्खं गेलं. पावसानं ठोकून घट्ट झालेल्या जमिनीत हवा खेळत नव्हती आणि मातीतलं नत्र, पिकाला हिरवं ठेवणारं अन्न, मक्याआधी तणच खाऊन टाकत होतं. डवऱ्यानं तण मोडलं, माती मोकळी केली, तेव्हा कुठे मक्याच्या ताटात काही पडलं.

“सारे डवरे पऱ्हाटीत, कापसात, गुंतले होते,” रूपराव ओशाळून म्हणाले. “मक्याले यंदा डवऱ्याची एक पाळी बी नाई भेटली. चूक माही, अन् बोल लावला या बाईले.”

त्यांनी डवरा महाराजांपुढे ठेवला. “गादीपुढचे तास राह्यले, महाराज. उपाशीपोटी सात फेरे मारा.”

महाराजांना एकाएकी हिमालयाची आठवण झाली. पेढ्यांची टोपली मात्र ते विसरले नाहीत.

कमलाबाईचं गाठोडं रूपरावांनी स्वतः उचलून तिच्या घरी नेलं. सारा गाव मान खाली घालून मागं चालला होता.

तेव्हा बाबांनो, कोणाच्या पायावर डोकं ठेवण्याआधी मातीत बोट घालून पाहा. नाहीतर पुढचं गाठोडं तुमच्याच आईचं असेल.