दुमडीतला हिरवा रंग

मी एक जुना हिरवा ट्यूनिक आहे, मित्रांनो. हिरवा म्हटले तर तुम्ही हसाल. खांद्यांवर मी आता राखी दिसतो, पोटाशी पिवळट, आणि घेरावर माझ्या तीन आडव्या रेषा आहेत. झाडाचे वय खोडातल्या वर्तुळांवरून मोजतात, तशी माझ्या मालकिणीची उंची या रेषांवरून मोजता येते. सगळ्यांत खालची दुमड मात्र कालपर्यंत कोणी उसवली नव्हती. तिथे ऊन कधीच पोचले नव्हते.

माझा जन्म जबलपूरचा, सत्तर सालच्या जूनमधला. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात चिंतामणी नावाचे गृहस्थ तयार मालाची मापे तपासत. त्यांच्या दहा वर्षांच्या प्रमोदिनीला शहरातल्या मुलींच्या शाळेत सहावीत प्रवेश मिळाला. तोवर ती क्वार्टरजवळच्या शाळेत मैत्रिणीबरोबर, जयाबरोबर, शिकत होती. नव्या शाळेचे पत्र आले: सोमवारी पालकांसह येऊन शाळा पाहून जावी, जागा हवी की नको तेही त्याच दिवशी सांगावे. शेवटी लिहिले होते, ‘साधे, स्वच्छ कपडे चालतील.’

“साधे कपडे? गेटातून?” चिंतामणींनी पत्र बाजूला ठेवले. “वीस वर्षं झाली, वर्दी न् पास नसला तर मला आत घेत नाहीत. पोरीला काहून घेतील?”

“अहो, शाळा आहे ती,” प्रमोदिनीची आई सत्यवती म्हणाली. “तिथे काय बॉम्ब बनवून राहिले?”

प्रमोदिनी दाराआडून म्हणाली, “मला कोणी हसलं ना, तर मी नाहीच म्हणणार. जयाच्याच शाळेत जाईन.”

“बरं. बघून तर ये. नको वाटलं तर नको,” आईने वचन दिले.

बसमध्ये कोण्या साहेबांची मुलगी त्या शाळेच्या हिरव्या ट्यूनिकमध्ये चिंतामणींना दिसली होती. तो रंग डोळ्यांत धरून ते बड्या फुहाऱ्याच्या बाजारात गेले, चार दुकानांत ताग्याचे टोक उन्हात धरून पाहिले, आणि मला घेऊन कमानिया गेटजवळच्या गल्लीत शालिग्राम दर्जीकडे आले. शालिग्रामने माप घेतले. चिंतामणींनी तेच माप पुन्हा घेतले.

“चिंतामणीभैया, पोरगी आहे, पाइप नाही,” शालिग्राम म्हणाला. “वाढून राहिली ती. चार घड्या आत ठेवतो.”

“खिसा पण,” प्रमोदिनी हळूच म्हणाली.

“लड़कियों को जेब का क्या काम?” तो हसला. पण डाव्या बाजूला त्याने खिसा शिवला.

रविवारी मी अंगणातल्या तारेवर वाळत होतो. शाळा म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हते. मला वाटले, तिथे माझ्यासारखे पुष्कळ हिरवे ट्यूनिक एका लांबलचक तारेवर झुलत असतील, वारा आला की सगळे एकदम उजवीकडे, मग एकदम डावीकडे. लांबून पाहणाऱ्याला नर्मदेचे खोल पाणी वाटेल.

सोमवारी मात्र शाळेच्या कडुनिंबाखाली पिवळे, गुलाबी, फुलाफुलांचे फ्रॉक जमले होते. हिरवा मी एकटाच. दारावर सूचना होती: यंदापासून नव्या मुलींचा गणवेश निळा. सत्यवतीने ती दोनदा वाचली आणि पदर घट्ट ओढून घेतला.

लाल रिबिनवाली एक मुलगी शेजारणीला म्हणाली, “ये तो पुरानी वाली है। फेल हो गई होगी!”

पाच-सहा जणी खुदखुदल्या. माझ्या खिशात प्रमोदिनीची मूठ गच्च वळली. तळहाताचा घाम माझ्या धाग्यांत उतरला.

“आई, चल. नको सांग त्यांना.”

सत्यवती खरेच ऑफिसकडे वळली. तेवढ्यात एक बाई घाईने बाहेर आल्या. त्यांनी फक्त मला पाहिले. “बेटी, तुम तो यहीं की हो न? इन सबको ज़रा विज्ञान का कमरा दिखा दो। आख़िरी दरवाज़ा।” तिच्या हातात किल्ली देऊन त्या निघूनही गेल्या.

सगळ्या मुली तिच्याकडे पाहू लागल्या. व्हरांडा लांब होता. तिचे हृदय माझ्या अगदी पाठीशी होते, म्हणून मला मोजता आले: शेवटच्या दारापर्यंत एकशे बारा ठोके.

खोलीत कोणी नव्हते. खिडकीत काचेच्या बरण्या ओळीने उभ्या होत्या आणि एका बरणीत जांभळे पाणी होते. त्यातून गाळून आलेला उन्हाचा तुकडा जमिनीवर पडला होता. प्रमोदिनी त्यात शिरली आणि मी काळा झालो. अगदी काळा, बुटाच्या पॉलिशसारखा.

“दीदी, ये कैसे हुआ?” रिबिनवालीने विचारले. आता तिच्या आवाजात हसू नव्हते.

प्रमोदिनीला खोटे बोलता आले असते.

“मालूम नहीं। मैं भी आज ही आई हूँ।”

कोणीतरी फिसकन हसले आणि काय झाले कोण जाणे, प्रमोदिनीही हसली. तिने खिशातून हात काढला, मूठ उघडली आणि तळवा त्या उजेडात धरला. “तुम भी आओ।”

एकेक फ्रॉक उजेडात येऊ लागला. पिवळा लाल झाला. पांढरा जांभळा झाला. फुलांची पाने काळी पडली. कोण कोणत्या रंगाचे कपडे घालून आले होते, ते त्या खोलीत कोणालाच सांगता आले नसते.

ती धावत आईकडे आली. “आई, हो म्हण!”

“अगं, पण त्या हसल्या ना तुला?”

“हसल्या. मी पण हसले. पण ते काहून होतं, ते बघायचं राहिलं ना अजून!”

संध्याकाळी निळ्या गणवेशाची बातमी ऐकून चिंतामणी बराच वेळ माझी शिवण चाचपत बसले. “माप तर बरोबर होतं,” ते म्हणाले.

“माप बरोबरच आहे,” सत्यवती म्हणाली. “रंग तेवढा शाळेचा चुकला.”

शाळेत मी पुन्हा गेलो नाही. घरी मात्र प्रयोग करताना तिला मीच लागे. लिंबाचे, शाईचे, मेणाचे डाग माझ्यावर आहेत. तीन वर्षांत तीन घड्या उसवल्या. मग मी तिला खांद्यांत अपुरा पडलो आणि ट्रंकेच्या तळाशी गेलो. तिथे मी किती वर्षे होतो ते मला मोजता आले नाही, कारण अंधारात रंग उडत नाही.

काल ट्रंक उघडली. प्रमोदिनी आता स्वतःच विज्ञान शिकवते. तिच्या विनताला नव्या शाळेत प्रवेश मिळाला आहे, आणि सोमवारी शाळा पाहायला बोलावले आहे.

“आई, काय घालू?” विनता पिवळा फ्रॉक धरून उभी होती. “हा आवडतो, पण ह्याला खिसाच नाही. मी हात कुठे ठेवू?”

प्रमोदिनीने मला मांडीवर घेतले आणि ब्लेडने शेवटची दुमड उसवली. शालिग्रामचा दोरा कुरकुरत सुटला. आतून निघालेली पट्टी त्या जूनइतकीच हिरवी होती.

मित्रांनो, नव्या शाळेत जाताना धुतलेले आणि जमिनीवर बसता येईल असे काहीही घाला. पण जुन्या कपड्याला चिंधी म्हणण्याआधी एकदा त्याची दुमड उसवून पाहा. सोमवारी मी पुन्हा शाळेत जाणार आहे, या वेळी पिवळ्या फ्रॉकवर, तळहाताएवढा खिसा होऊन. एक मूठ माझ्यात वळलेली येईल. ती उघडेपर्यंत मी तिला धरून ठेवीन.